सायकलवाल्यांनी जमवलेले ठिपके घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. आता पुढे काय?

घंटीवाला

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही नऊ जण रोज पहाटे साडेपाचला सायकली काढतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याकडे काम अडलंय त्यांच्याशी सध्या गोडीगुलाबीनं चाललंय, आणि इथे कोण कुणाचा मेहुणा निघेल सांगता येत नाही. जिल्ह्याचं ठिकाण, एक नदी, एक एमआयडीसी, रेल्वेखालचं एक भुयारी गेट. एवढ्यावरून ओळखलंत तरी गप्प बसा.

तर जूनमध्ये आमच्यातला एकजण चेंबरच्या खचलेल्या झाकणात पुढचं चाक अडकून पडला. कॉलरबोन मोडलं. पोलिसांत नोंद नाही. तक्रार करणार कुणाविरुद्ध, झाकणाविरुद्ध? त्या दिवशी ठरवलं की नोंदी आपणच ठेवायच्या. फोनवर सगळ्यांचा मिळून एक नकाशा केला. खड्डा, चेंबर, जाळी दिसली की लाल ठिपका. कुणी कट मारून गेला की पिवळा. उभ्या गाडीचं दार अंगावर उघडलं की निळा. कुत्री मागे लागली की तपकिरी (हा रंग आमच्यातल्या डॉक्टरांनी निवडला). चार महिन्यांत दोनशेच्या वर ठिपके झाले.

मग मोठी रंगीत प्रिंट काढून वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी चहा पाजला, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "काम छान केलंय. पण साहेब, यातलं मी आधी कुठलं करू? आणि यातलं माझं कुठलं?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. चहा पिऊन परत आलो.

कुणी असं काही केलंय का? सायकलवाल्यांनी गोळा केलेल्या माहितीवरून खरंच एखादी जागा दुरुस्त झाली आहे का? अवांतर चालेल, पण निदान दहा-बारा प्रतिसाद झाल्यावर.

पेडलपंत

पहिला! कुत्र्यांचा ठिपका तपकिरीच का, याचं सविस्तर स्पष्टीकरण हवं.

वाचनमात्र_विनू

वाचतोय. रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता; या धाग्यावर अगदी शब्दशः), कॉलरबोन जुळलं का?

घंटीवाला

जुळलं. दिवाळीनंतर परत सायकलवर बसला. आता प्रत्येक झाकणाला वळसा घालत नागमोडी चालवतो, त्यामुळे त्याच्या मागे राहायला आम्हीच घाबरतो.

मुळामुठा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ठिपके, नकाशे, आलेख... यानं काही होत नाही. खड्डा कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं असं वाटतं का तुम्हाला? रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला येतात ते. माहितीची टंचाई नाहीये, इच्छेची आहे. दौरा असला की एका रात्रीत रस्ता गुळगुळीत होतो, तेव्हा कुठला डेटा लागतो? ताफ्याचा मार्ग, बस.

तुम्ही एक करा. एखाद्या मंत्र्यांना तुमच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात लग्नाला बोलवा. मुलगी शोधायला मदत करतो.

अनघा_बर्लिन

मुळामुठा, अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहिते.

बर्लिनमध्ये गाड्या सायकलला चिकटून जातात, ही तक्रार वर्षानुवर्षं होती. उत्तर ठरलेलं: तुम्हाला तसं वाटतं. २०१८ मध्ये इथल्या टागेसश्पीगल या वर्तमानपत्रानं शंभर सायकलस्वारांना अंतर मोजणारी यंत्रं लावून दिली. दोन महिन्यांत सुमारे १६,७०० ओव्हरटेक मोजले गेले, आणि त्यातले ५६ टक्के दीड मीटरपेक्षा जवळून होते. तेव्हा दीड मीटर हा न्यायालयांनी धरलेला दंडक होता. एप्रिल २०२० पासून तो रहदारीच्या नियमांतच लिहिला गेला: गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन. नियम या मोजणीमुळेच बदलला असं मी म्हणणार नाही. पण 'तुम्हाला तसं वाटतं' हे वाक्य मात्र त्यानंतर फारसं ऐकू आलं नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. इथल्या तांत्रिक विद्यापीठाचा 'सिमरा' नावाचा प्रकल्प २०१९ पासून आहे. फोन खिशात ठेवून सायकल चालवायची. जोरात ब्रेक लागला, झटक्यात वळलात, पडलात की फोनमधल्या सेन्सरला कळतं. घरी आल्यावर ॲप विचारतं: या जागी काय झालं होतं? हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण कट मारून गेलेली गाडी सेन्सरला कळत नाही. तुम्ही सरळच जात असता, काळजाचा ठोका फक्त तुमचा चुकतो. ते हातानं भरावं लागतं.

आणि तिसरी गंमत म्हणजे ओपनबाइकसेन्सर. लोकांनी घरी जोडलेली डबी, सीटखाली बसते. आपण गाडी मागे घेताना 'टूं टूं' वाजतं तसलाच ध्वनिलहरींचा सेन्सर डाव्या-उजव्या बाजूला. गाडी शेजारून गेली की हँडलवरचं बटण दाबायचं, म्हणजे ती भिंत नव्हती, गाडी होती हे नोंदलं जातं. मी ओळखीच्यांकडून आणून दोन आठवडे लावली होती. एक सांगते, बटण दाबायची सवय लागली की राग कमी येतो. शिवी देण्याऐवजी बटण दाबलं जातं.

कसबा_पेठी

दीड मीटर? ताई, आमची अख्खी गल्लीच दीड मीटर आहे.

पेडलपंत

सायकलच्या धाग्यावर दहा प्रतिसादांच्या आत ॲमस्टरडॅम येतं असा नियम आहे. यंदा बर्लिनवर भागलं. स्वस्तात सुटलो.

डांबरी

सरकारी रस्तेखात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. त्या कनिष्ठ अभियंत्याची बाजू मांडतो, कारण त्यानं विचारलेले दोन्ही प्रश्न शंभर नंबरी आहेत.

आधी दुसरा: 'यातलं माझं कुठलं?' एका चौकात डांबर एका विभागाचं, चेंबर ड्रेनेजचं, व्हॉल्व्हचा खड्डा पाणीपुरवठ्याचा, आडवा चर केबलवाल्यांचा. शहरातून जाणारा मोठा रस्ता बहुधा पालिकेचा नसतोच, राज्याचा किंवा महामार्गाचा असतो. तुमचा लाल ठिपका या सगळ्यांना एकच रंग देतो. तो नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर मीही चहाच पाजला असता. आधी मालकाप्रमाणे वेगळे करा.

चेंबर का खचतं हेही सांगून टाकतो. बहुतेक वेळा ते खचतच नाही, रस्ता वर जातो. जुना थर न खरवडता त्यावर दर खेपेला दीड-दोन इंची नवा थर पडतो, आणि झाकणाची चौकट आहे तिथेच राहते. तीन खेपांत पाच इंचांचा खळगा तयार. झाकण वर घ्यायचं म्हणजे भोवतीचं फोडा, चौकट उचला, काँक्रीट भरा आणि ते पक्कं होईपर्यंत वाहतूक अडवा. यातलं शेवटचं कुणी करू देत नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो गेला की पुन्हा खाली.

तिसरं, दोषदायित्व कालावधी. रस्ता करून ठरावीक वर्षं झाली नसतील तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. तुमचे किती ठिपके अशा रस्त्यांवर आहेत ते काढा. तिथे पैसे नाहीत हे उत्तर देताच येत नाही.

कागद असा द्या: एक जागा, एक पान. फोटोत पट्टी ठेवा, नाहीतर चप्पल ठेवा, पण खोली-लांबी कळली पाहिजे. आणि खाली एक ओळ: सायकलवाला इथे काय करतो? 'झाकण चुकवायला दोन फूट उजवीकडे येतो आणि मागून बस येते.' खड्डा हा आमच्यासाठी खड्डाच असतो, रोज शंभर पाहतो. माणूस तिथून कसा वळतो ते आम्हाला गाडीत बसून दिसत नाही. ते तुमच्याकडेच आहे.

ठोकताळा

डांबरी काकांना दंडवत. शेवटच्या चार ओळी फ्रेम करून ठेवाव्यात.

घंटीवाला, मी आकडेमोडीच्या धंद्यात आहे. नकाशा न बघता एक सांगतो: सगळ्यात दाट ठिपके तुमच्या चहाच्या टपरीच्या रस्त्यावर असतील.

घंटीवाला

बरोबर! कसं ओळखलंत?

ठोकताळा

कारण तिथून तुम्ही नऊही जण रोज जाता. ठिपक्यांचा नकाशा धोका कुठे आहे हे सांगत नाही, तुम्ही कुठे असता हे सांगतो. समजा स्टेशन रोडवरून शंभर फेऱ्या झाल्या आणि पाच कट बसले. नदीच्या पुलावरून दहा फेऱ्या झाल्या आणि तीन बसले. नकाशावर स्टेशन रोड जास्त रंगलेला दिसेल, पण जीव पुलावर जाईल. छेदात फेऱ्या हव्यात. तुमच्या राइड्स कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये साठलेल्या असतीलच, त्यातून मोजता येईल.

आणि जिथे एकही ठिपका नाही त्या जागा जास्त संशयाने बघा. तिथे रस्ता चांगला आहे की तिथे जायची कुणाची छाती नाही?

अमेरिकेत बॉस्टन शहरानं २०१२ मध्ये 'स्ट्रीट बंप' नावाचं ॲप काढलं होतं. गाडीत फोन ठेवायचा, धक्का बसला की खड्ड्याची नोंद आपोआप. कल्पना झकास. पण स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे, त्यांच्याच रस्त्यांवरचे खड्डे दिसणार हे उघड होतं. गरीब वस्तीतले रस्ते नकाशावर गुळगुळीत दिसायची भीती. शहरालाही ते ध्यानात घ्यावं लागलं.

आणखी एक खोड सांगून थांबतो. सगळ्यात वाईट महिना बघून जागा निवडली, तर पुढच्या महिन्यात काही न करताही आकडा उतरतो. त्यामुळे 'आमच्या पाठपुराव्यानं कट निम्म्यावर आले' असा फलक छापण्याआधी सहा महिने थांबा.

सिग्नलशेठ

सगळं ठीक. पण सायकलवाले स्वतः सिग्नल पाळतात का? राँग साइडनं कोण येतं? त्याचे ठिपके कुठल्या रंगाचे?

पेडलपंत

आले! मी विचार करतच होतो, अजून कसे नाही आले.

सिग्नलशेठ

प्रश्नाचं उत्तर द्या ना मग. आणि हेल्मेट?

संपादक

हेल्मेटचा स्वतंत्र धागा आहे, तिकडे चारशे प्रतिसाद होऊन गेलेत. कृपया तिकडे जाऊन भांडा.

अनघा_बर्लिन

सिग्नलशेठ, प्रश्न चिडवायला विचारलाय, पण तो वापरता येईल. सायकलवाले एखाद्या ठरावीक जागीच राँग साइडनं जात असतील तर तिथे दुभाजक किती लांब आहे ते बघा. वळायला अर्धा किलोमीटर जावं लागत असेल तर पाय काय म्हणणार? ठिपका लावाच, रस्त्याबद्दलच काहीतरी कळेल.

पिशवीवाली

बराच वेळ वाचतेय. एक प्रश्न: तुमच्या नऊ जणांत बायका किती?

घंटीवाला

...शून्य.

पिशवीवाली

वाटलंच.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले, मुलीच्या लेडीज सायकलवर. पुढे बास्केट, हँडलला पिशवी, त्यात भाजी. माझा वेग ताशी बारा किलोमीटर, उतार असला तर. पहाटे साडेपाचला मी डबे करत असते. सायकल काढते ती सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे बरोब्बर जेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं तेव्हा. तुम्हाला लागणारे कट आणि मला लागणारे कट एकच नाहीत. तुम्हाला गाडी ओव्हरटेक करते. मला मागून हॉर्न देत ढकलते.

इंग्लंडमध्ये रेचल ऑल्ड्रेड या अभ्यासिकेनं सायकलवाल्यांच्या रोजच्या डायऱ्या भरून घेतल्या होत्या. थोडक्यात वाचण्याचे प्रसंग दर मैलामागे मोजले. ताशी आठ मैलांपेक्षा हळू जाणाऱ्यांना बारा मैलांपेक्षा वेगानं जाणाऱ्यांच्या तिप्पट प्रसंग आले. बायकांना पुरुषांच्या जवळपास दुप्पट, आणि त्याचं मुख्य कारण त्या हळू चालवतात हेच निघालं. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. म्हणजे मी.

तुमच्या नकाशात मी नाही. शाळेच्या मुली नाहीत. दूधवाला नाही. तुमच्या गियरच्या सायकली रस्त्यावर असतात तेव्हा रस्ता रिकामा असतो हो.

मुळामुठा

हा प्रतिसाद मात्र आवडला. टोपी काढली.

शिफ्ट_दुसरी

गाव ओळखलं. गप्प बसतो.

मुलाच्या खात्यावरून लिहितोय, माझा फोन साधा आहे. २६ वर्षं एमआयडीसीत सायकलवर जातो. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. भुयारी गेटात पाणी जायची लोखंडी जाळी आहे, रस्त्याला आडवी. तिच्या पट्ट्या जायच्या दिशेनंच आहेत. चारचाकीला काही होत नाही, मोटारसायकलचं चाक रुंद असतं. सायकलचं चाक बरोबर फटीत जातं. दोघांचे दात पडलेत. म्हणून आम्ही सगळे तिथं उतरून चालत जातो, अंधारात, आणि मागून ट्रक येतात. तुमच्या नकाशात ती जाळी आहे का?

घंटीवाला

नाही. आम्ही त्या बाजूला जातच नाही. पहाटे पुलावरून घाटाकडे जातो.

(हे लिहिताना लाज वाटली.)

कैचीकर

अवांतर: लोखंडी जाळीवरून आठवलं, आम्ही तासावर भाड्यानं सायकल घ्यायचो आणि कैची मारत शिकायचो. नळीखालून पाय घालून अर्धं पेडल. पडलो की दुकानदार आधी सायकल बघायचा, मग आमचा गुडघा. डायनमो लावला की चढावर पाय भरून यायचे...

वाचनमात्र_विनू

डायनमोचा आवाज! अहाहा. त्या उजेडात फक्त डायनमो चालू आहे एवढंच दिसायचं.

नागपुरी_तर्री

डायनमोवाल्यांनी थोडं थांबा बाप्पा, कामाचं लिहून घेतो.

रस्ते मंत्रालयाची 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या माहीत आहे का? राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, तिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, नाहीतर तीन वर्षांत दहा मृत्यू. म्हणजे यादीत नाव लागायला आधी माणसं पडावी लागतात. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. पोलीस आता आयरॅड नावाच्या प्रणालीत प्रत्येक अपघात जागेसकट भरतात, आयआयटी मद्रासनं ती बनवली अन् सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. चांगलंच आहे. पण घंटीवाल्यांच्या मित्राचं कॉलरबोन त्यात नाही, अन् त्या दोघांचे दातही नसतील.

आमच्या नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' सुरू झालं. शहर बसगाड्यांना कॅमेरे लावले. बस कुणाच्या फार जवळ गेली की ड्रायव्हरला इशारा वाजतो. गंमत पुढे आहे: हे इशारे कुठे कुठे वाजतात त्या जागा नकाशावर साठवल्या अन् त्यातून 'ग्रे स्पॉट' काढायचे. अजून काळे झाले नाहीत, पण होतील असे. सायकलवाल्यांचे पिवळे ठिपके म्हणजे हेच तर आहे. बसला कॅमेरा लागतो, सायकलवाल्याला छातीतली धडधड पुरते.

तेव्हा वॉर्ड ऑफिसात 'ग्रे स्पॉट' हा शब्द वापरा. सरकारी कानाला ओळखीचा वाटतो.

लपंडाव

एक सावधगिरी. नऊ जणांचे मार्ग नकाशावर टाकताय, म्हणजे नऊ घरं आणि ती पहाटे कितीला रिकामी होतात तेही टाकताय. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या जगभराच्या नकाशावरून वाळवंटातले लष्करी तळ उघडे पडले होते, जवान धावताना घड्याळ चालू ठेवायचे म्हणून. एका विशीतल्या विद्यार्थ्याच्या ते ध्यानात आलं. घराजवळचे पहिले-शेवटचे दोनशे मीटर कापून टाका.

अनघा_बर्लिन

+१. सिमरामध्ये पाठवण्याआधी दोन्ही टोकं कापायची सोय आहे. मी तर बेकरीपर्यंतचा भागही कापते, त्याचं कारण वेगळं आहे.

वकीलीणबाई

डांबरी काकांनी दोषदायित्व कालावधी सांगितला, तो कसा मिळवायचा ते मी सांगते. माहितीचा अधिकार, दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, त्यामुळे निबंध लिहू नका. 'अमुक रस्त्याच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दिनांक आणि दोषदायित्व कालावधी.' संपलं.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिलाय. कॉलरबोनवाल्यांनी दवाखान्याचे कागद, जागेचे फोटो जपून ठेवावेत. इथे तुमची त्या दिवशीची नोंद, वेळेसकट, उपयोगी पडेल. नंतर आठवून लिहिलेली तेवढी नाही.

मुळामुठा

म्हणजे डेटा लागतोच असं दिसतंय. माघार घेत नाही, फक्त थोडा बाजूला सरकतो.

ट्यूबलेस

कुणीच बोललं नाही म्हणून. मामांचं सायकलचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथे पंक्चर काढायचो. चाकाची आउट काढायला कुणी आलं की मामांचा ठरलेला प्रश्न: "कुठं आपटली?" त्यांना अख्ख्या गावाचे खड्डे पाठ होते. पावसाळ्यात एखाद्या रस्त्यावरून आठवड्यात चार रिमा वाकून आल्या की म्हणायचे, नाक्यावर काहीतरी उघडलंय. ॲप नाही, काही नाही. तुमच्या गावात एमआयडीसीच्या वाटेवर असं दुकान असणारच. तिथे एक वही ठेवा.

घंटीवाला

धागा वर काढतोय. पाच आठवडे झाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं ऐकलं, त्याचा हिशेब देतो.

आधी मी आणि कॉलरबोन एका गुरुवारी रात्री भुयारी गेटापाशी जाऊन उभे राहिलो. साडेदहा ते साडेअकरा. कागदावर पाच-पाचच्या रेघा. एका तासात १८७ सायकली गेल्या, बहुतेकांना मागे दिवा नाही. जाळीपाशी जवळपास सगळे उतरले. दोघे उतरले नाहीत, त्यातला एक अडखळला. चार महिने, नऊ माणसं, हजारो किलोमीटर, आणि या जागेवर आमचा एकही ठिपका नव्हता.

त्या वाटेवर सायकलदुकान आहे. दुकानदारांना वही दिली, ते हसले. तीन आठवड्यांनी गेलो तर वहीत अकरा नोंदी, त्यातल्या सहा 'गेट' अशा. एका नोंदीपुढे लिहिलं होतं, 'नवीन जावई, पहिल्यांदाच आला होता'.

पिशवीवाली ताईंच्या म्हणण्यावरून बायकोच्या भिशीतल्या चौघींना आणि मुलांच्या शाळेतल्या काही मुलींना विचारलं. त्यांनी ज्या कोपऱ्याचं नाव घेतलं तो आमच्या मते गावातला सगळ्यात चांगला रस्ता. रुंद आहे, म्हणून गाड्या सुसाट. आम्हाला पहाटे तो रिकामा मिळतो.

मग दोनशे ठिपके बाजूला ठेवले. लाल आणि पिवळा जिथे जवळजवळ पडलेत, म्हणजे खड्डा चुकवायला गेलं की कट बसतो, अशी एकच जागा उचलली: स्टेशन रोडवरचं ते चेंबर. दुसरी भुयारी गेटातली जाळी. तिसरा मुलींनी सांगितलेला कोपरा. तीन जागा, तीन पानं, फोटोत माझी चप्पल.

तेच कनिष्ठ अभियंता. चहा पुन्हा आला. पहिलं पान बघून म्हणाले, हे ड्रेनेजकडे पाठवतो, जावक क्रमांक घेऊन जा. कोपऱ्याचं पान बघून म्हणाले, रस्ता राज्याचा आहे, इथे गतिरोधक माझ्या हातात नाही. जाळीच्या पानावर थांबले. फोटो जवळ घेतला. "आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या तर?" मी म्हटलं, तर चाक जाणार नाही. "हे माझं. हे करतो." ते खरंच म्हणाले की त्या गेटातून ते रोज गाडीनं जातात आणि जाळीच्या पट्ट्या कुठल्या दिशेला आहेत हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दोन आठवड्यांत पट्ट्या बसल्या. चेंबर अजून तसंच आहे. कोपऱ्यासाठी वकीलीणबाईंच्या सांगण्यावरून अर्ज टाकलाय, १४२ शब्द झाले.

डांबरी

अभिनंदन. चेंबरच्या जावक क्रमांकाचा दर पंधरा दिवसांनी पाठपुरावा करा. फोन नको, समक्ष जा.

ठोकताळा

एका गुरुवारची मोजणी आहे, हे लिहायलाच हवं. पगाराच्या आठवड्यात पुन्हा मोजा. पण जाळीच्या बाबतीत छेद-अंश सगळं माफ.

पेडलपंत

तपकिरी ठिपक्याचं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

शिफ्ट_दुसरी

काल रात्री बघितलं. पट्ट्या मारल्यात. आता कुणी उतरत नाही, सरळ जातात. पण आडव्या पट्ट्यांत प्लास्टिक अडकायला लागलंय. पाऊस लागला की गेटात पाणी तुंबणार, मग सगळ्यांनाच उतरावं लागेल.

घंटीवाला

फोटो टाकता का?

शिफ्ट_दुसरी

फोन साधा आहे, वर लिहिलंय.

घंटीवाला

चुकलंच. मग उद्या मीच येतो. कितीला?

शिफ्ट_दुसरी

सव्वाअकरा. टॉर्च आणा, गेटातला दिवा बंद आहे. तोही लिहून घ्या.